बघणारी

आमच्या घरात खेळायची ती विमलताई आणि बघायची ती मी. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, सावळी, काटक, बसली तरी पायाचा अंगठा हलत असायचा तिचा. मी जाड होते. आजारी जाड नव्हे, खाऊनपिऊन सुखी, हळू चालणारी, पायरी उतरताना खाली बघून उतरणारी. शाळेत लंगडीच्या तासाला मला कोणत्या बाजूला घ्यायचं यावरून दोन्ही बाजूंची भांडणं व्हायची, आणि ती मी नको म्हणून व्हायची. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. एकदा का बाईंनी मला झाडाखाली बसायला सांगितलं की मी सुटले. मग पुढचा सगळा तास माझा. कोण दमली आहे, कोण दमल्याचं सोंग करते आहे, कोण उगाच डावीकडे बघून उजवीकडे पळणार आहे, हे मला बसल्या जागी कळायचं आणि त्यात जे सुख होतं ते दुसऱ्या कशात नव्हतं. आज या वयातही ते सुख मला नीट सांगता येत नाही. सांगायला गेलं की लोक विचारतात, तुम्ही काय खेळत होतात? आणि मी काहीच नाही म्हटलं की त्यांचा चेहरा जरा पडतो.

आमचं गाव नगरकडच्या कर्जत तालुक्यातलं. अण्णा वीज मंडळात वायरमन होते. लाइट गेली की सगळ्या गावाला अण्णा आठवायचे, आली की विसरायचे. घर दोन खोल्यांचं, पुढं शेणानं सारवलेलं मोठं अंगण. भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्या खालच्याच खुंटीला अण्णांची पक्कड, रबरी हातमोजे आणि खांबावर चढायचा पट्टा. रविवारी सकाळी आम्ही चौघं तसबिरीसमोर बसून वंदना म्हणायचो. अण्णांचा आवाज जाड, आईचा बारीक, आणि ताईचा सगळ्यात लांब जाणारा, कारण ती त्यातही दम किती टिकतो ते बघायची. कबड्डीचं वेड तिच्या अंगात असं भिनलेलं होतं. अंगण झाडायला घेतलं की खराटा एका टोकाला टेकवायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि कबड्डी कबड्डी म्हणत एका दमात दुसऱ्या टोकापर्यंत झाडत जायची. धुरळा सगळा घरात. आई चुलीपुढून ओरडायची, "अगं, झाडतीस का चढाई करतीस?" ताई उत्तर द्यायची नाही, कारण बोललं की दम तुटतो. आमची सकाळ अशी व्हायची. कोंबडं, हापशाची कुरकुर, आणि तिचं ते गुणगुणणं, मधमाशी डब्यात अडकल्यासारखं.

संध्याकाळी ती मला अंगणात उभी करायची. तिला चढाई करायला समोर कुणीतरी हवं असायचं. "सुमे, हाल की गं. खांबावानी काय उभी राहतीस?" मी हलायचे नाही असं नाही, पण मी हलेपर्यंत ती माझ्या पाठीला हात लावून परत गेलेली असायची. खरं सांगायचं तर मी तिला धरायचा प्रयत्नच करत नव्हते. मी तिचे पाय बघत होते. निघण्याआधी ती दोन्ही तळव्यांना माती चोळायची, मग डावा पाय जरासा आत वळवायची, आणि तो वळला की समजायचं, आता ही उजवीकडून येणार. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं ते बदललं असतं, आणि मला तो पाय वळताना बघायला आवडायचं.

गावात, शेजारच्या वाडीत, जिथं जिथं शाळेच्या मुलींचे सामने असायचे तिथं मी पाण्याची कळशी आणि लिंबाच्या फोडी घेऊन जायचे. थोरवे सर आमचे पीटीचे मास्तर. ते म्हणायचे, "ही आमची आठवी खेळाडू." मुली हसायच्या. मी मैदानाच्या कडेला मांडी घालून बसायचे, पण बसणं नुसतं नावाला. कुणी पकडीतून सुटायला धडपडली की माझा खांदा शेजारणीला लागायचा, कुणी उडी घेतली की माझे गुडघे वर यायचे. एकदा गावातल्या एका म्हातारीनं सरळ उठून दुसरीकडे बसणं पसंत केलं. "ही पोरगी बसल्या जागी खेळती," ती म्हणाली. आईला सामने बघायला वेळ मिळायचा नाही, म्हणून घरी आल्यावर मी तिला सगळा सामना पुन्हा दाखवायचे. तवा म्हणजे मध्यरेषा, वाट्या आमच्या मुली, पेले पलीकडच्या. आई हुलग्याचे शेंगोळे वळायची आणि बघायची. परातीत शेंगोळ्यांचा ढीग वाढायचा, लसणाची फोडणी बसायची आणि मी पेल्यावर वाटी चढवून सांगायचे, ताईनं असं धरलं, अशी दाबली, अशी ओढली. आईला कबड्डी कळली ती माझ्या वाट्यांतून. एकदा तिनं विचारलं, "आन यात तू कुठली गं?" मी चमचा उचलून तव्यापासून लांब ठेवला. आई खूप हसली. मीही हसले. त्या वयात मला त्यात काही लागण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं.

ताई दहावीला होती त्या वर्षी आमचा संघ तालुक्याच्या उपांत्य फेरीत पोचला. गावात शाळा दहावीपर्यंतच होती. सर एका संध्याकाळी घरी आले, अंगणातल्या बाजेवर बसले, आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, तालुका जिंकला की पोरी नगरला जाणार. तिथनं निवडून क्रीडा वसतिगृहात घेत्यात. ऱ्हायचं, जेवायचं, शिकायचं, समदं तिकडंच. विमलला एकदा नगरच्या मैदानावर उभी ऱ्हाऊ द्या, मग कुणी न्हाई म्हननार न्हाई." नात्यातले लोक तिच्या अर्ध्या चड्डीवरून अण्णांना बोलत होते, ते आम्हाला माहीत होतं. अण्णा म्हणाले, "जिंकू द्या तर आधी." आमच्या घरात याचा अर्थ हो असा होता. ताई दाराआड उभी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता.

सामने कर्जतला होते. आम्ही जीपनं गेलो, मुली आत, सर आणि अण्णा पुढं, आणि आई पहिल्यांदाच सामना बघायला आलेली, पदर डोक्यावर घेऊन माझ्याशेजारी बसलेली. वाटेत ती मला हळू आवाजात विचारत होती, "खरं मैदान तव्यापेक्षा लई मोठं आसतं का गं?" उपांत्य सामना दुपारी झाला, तो आम्ही सहज जिंकलो, पण शेवटच्या पकडीत आमची शैला नावाची मुलगी पाय मुरगळून बसली. घोटा बघता बघता सुजला. आमच्याकडे राखीव म्हणावी अशी एकच मुलगी होती, आणि ती त्या सकाळी तापानं फणफणून घरीच राहिली होती. सर मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. सगळ्या मुलींवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"सुमन, तू उभी ऱ्हा."

मला वाटलं कळशी घेऊन उभी राहा म्हणतायत. मी कळशी उचलली.

"कळशी न्हाई. मैदानात. शैलाच्या जागी." मग माझा चेहरा बघून ते खाली वाकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नको. काय करायचं न्हाई तुला. कोपऱ्यात उभी ऱ्हायचं. सहाच पोरी उतरवल्या तर समद्या लवकर बाद हुतील, लोण बसंल. म्हनून नुसती उभी."

शैलाची चड्डी मला होईना. शेवटी मी माझ्या सलवारीवरच तिचा बनियन चढवला, तो पोटावर ताणून बसला आणि त्यावरचा आकडा आडवा झाला. मी मैदानात गेले तेव्हा पलीकडच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. ताई माझ्याजवळ आली. ती हसली नाही. तिनं माती घेतली, माझ्या दोन्ही तळव्यांना चोळली आणि म्हणाली, "फकस्त उभी ऱ्हा. बाकी मी बगती."

अंतिम सामन्यात पलीकडचा संघ तालुक्यातल्याच दुसऱ्या एका शाळेचा होता. त्यांच्यात एक उंच, हडकुळी, लांब वेणीची मुलगी होती. वेणी तिनं कमरेला खोचलेली. तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढंही कधी कळलं नाही. ती पहिल्यांदा चढाईला आली तेव्हाच माझ्या लक्षात आलं की असं काही मी अजून बघितलेलं नाही. तिच्या पावलांचा आवाजच यायचा नाही. बाकीच्या मुली यायच्या त्या धपाधप, मातीशी भांडत. ही कडेकडेनं सरकायची, आणि सगळं अंग स्थिर असताना एकाएकी तिचा हात लांब होऊन कुणाच्या तरी खांद्याला लागलेला असायचा. मी कोपऱ्यात उभी होते आणि मैदानाच्या कडेपेक्षा इथून कितीतरी चांगलं दिसत होतं. हे मला कळलं आणि मी घाबरायची थांबले. आयुष्यात इतक्या जवळून मी सामना बघितला नव्हता. घामाचा वास, दमाचा आवाज, ताईच्या नाकपुड्या फुगलेल्या. मला कुणी हात लावत नव्हतं. त्यांच्या लेखी मी नव्हतेच. मला बाद करायला त्यांना कधीही जमलं असतं, म्हणून त्यांनी ते मागे ठेवलं होतं.

सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो. मैदानात आमच्या दोघीच उरल्या होत्या, ताई आणि मी. शेवटची चढाई त्यांची. ती हडकुळी मुलगी आली. तिला आमच्या दोघींना बाद करून परत जायचं होतं, आणि आम्हाला फक्त तिला धरायचं होतं, किंवा तिचा दम संपेपर्यंत टिकायचं होतं. सगळं मैदान ओरडत होतं. त्यात मला आईचा बारीक आवाज ओळखू आला, "विमे, पाय धर! पाय!" माझ्या वाट्यांवर शिकलेली आई.

ती ताईच्या अंगावर गेली. ताईनं सूर मारला आणि तिचा घोटा धरला. धरला होता, मी बघितलं आहे. ती मुलगी पडायला हवी होती. पण ती पडायच्या ऐवजी वर गेली. एक पाय ताईच्या हातात असताना तिनं दुसऱ्या पायावर अंग फेकलं, कमरेतून वळली, वेणी सुटून हवेत गोल फिरली आणि ताईच्या मुठीतून तिचा पाय ओल्या साबणासारखा निसटला. मध्यरेषेकडे परत जायला तिला एकच वाट होती, माझ्या बाजूची. ती तिरकी, तोल गेलेली, जवळजवळ पडतच माझ्या अंगावरून जात होती. मी नुसती पुढं झाले असते तरी ती माझ्यावर आदळून थांबली असती. जाड असण्याचा इतका उपयोग मला जन्मात पुन्हा कधी होणार नव्हता.

मी बाजूला सरले. घाबरून नव्हे. ताई मध्ये येत होती आणि ती मुलगी जमिनीला कशी टेकते ते मला दिसत नव्हतं. नीट दिसावं म्हणून मी बाजूला सरले. जाता जाता तिचं बोट माझ्या मनगटाला लागलं, मग दोन्ही हात रेषेपलीकडे टेकून ती लोळत गेली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

एकाएकी सगळं शांत झालं होतं, म्हणून त्या टाळ्या फार मोठ्यानं ऐकू आल्या. मी "वा!" पण म्हणाले असं मुली पुढं सांगायच्या. मला आठवत नाही, पण म्हणाले असेन. मग पंचांची शिट्टी झाली, पलीकडच्या मुली धावत आल्या, आणि बघ्यांतून हसू फुटलं. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. ताई अजून पालथी पडलेली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझे हात अजून छातीशी जोडलेलेच होते. ते कुठं ठेवायचे हे मला कळेना. ते मी पाठीमागे नेले.

परतीच्या जीपमध्ये सर एकदाच म्हणाले, "चूक माझी हाय. मीच उभी केली तिला." त्यानं मला आणखी मेल्यासारखं झालं. अण्णा पुढं काचेतून रस्त्याकडे बघत बसले होते. आईनं माझा हात हातात घेतला होता, पण तीही माझ्याकडे बघत नव्हती. घरी सकाळी करून ठेवलेले शेंगोळे होते. गरम करून आईनं वाढले. ताई जेवली, ताट घासलं, अंगणात जाऊन पाय धुतले. तिनं मला एक शब्द सुनावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून गावातली मुलं मी दिसले की टाळ्या वाजवायला लागली. हापशावर, दुकानात, शाळेच्या फाटकाशी. मोठी माणसंही गालात हसायची. लाइट दुरुस्त करायला अण्णा खांबावर चढले तेव्हा खालून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि अण्णा खाली न बघता तारा जोडत राहिले, हे मी स्वतः बघितलं. मी मैदानाकडे जायचं सोडलं. शाळेत सराव चालू असला की मी वर्गात भिंतीकडे तोंड करून बसायचे. आवाजावरून कोण चढाईला गेली ते कळायचं, म्हणून मग कानांवर हात ठेवायचे.

महिनाभरानं असेल, एका दुपारी आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. ताई मान खाली घालूनच म्हणाली, "ती कशी सुटली गं?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला दिसलं न्हाई. माझं तोंड मातीत हुतं. घोटा तर धरला हुता मी."

"धरला हुतास," मी म्हणाले.

"मग?"

मी सांगायला लागले. आधी चाचरत, मग जरा मोठ्यानं. तिनं दुसरा पाय कुठं रोवला, कंबर कशी फिरवली, वळताना मान आधी कशी वळवली. सांगता सांगता मी कधी उठून उभी राहिले मला कळलं नाही. मी हात पसरून तिची ती गिरकी दाखवत होते, माझ्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या अंगणभर झाल्या होत्या, आणि माझा चेहरा फुललेला असणार, कारण ताई शेंगांकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी थांबले.

"म्हंजी मी गुडघ्याला धरायला पायजे हुतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लई भारी हुती का गं ती?"

मला नाही म्हणता आलं असतं. "लई," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली आणि सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागली. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती मैदानातल्यापेक्षा वेगळी होती. मैदानात लोक हसले होते. इथं कुणी हसलं नव्हतं. माझ्यामुळे जिचं सगळं गेलं तिलाच मी रंगवून सांगत होते, आणि सांगताना मला पुन्हा तितकीच मजा आली होती.

ताई दहावी पास झाली. अण्णांनी तिला कर्जतला पुढं शिकायला पाठवायचं म्हटलं होतं, पण चांगलं स्थळ आलं आणि त्याच वर्षी लग्न झालं. तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. नवरा सालस होता, शेतीचा तुकडा आहे, दोन मुलं मार्गी लागली, दारात म्हशी आहेत. पण ती पुन्हा कधी खेळली नाही. आणि मी, जिला पळता येत नव्हतं, ती शिकले, पोस्टात लागले, नगरला घर केलं. त्या गावाचं नाव आता बदललं आहे, माझ्या तोंडी नगरच बसलंय. नोकरीत असताना शहरात सामने असले की रजा टाकून मी जात राहिले. एकटी, मागच्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हात पर्सवर. इतकं मात्र मी तेव्हापासून पाळलं. तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर भाच्याचा सामना आहे असं सांगायचे. खेळ ताईच्या वाट्याचा होता, राहिला माझ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात ताई गुडघे दाखवायला माझ्याकडे आली होती. संध्याकाळी चहा घेऊन बसलो होतो, माझ्या नातवानं टीव्ही लावला आणि त्यावर कबड्डी चालू होती. झगमगीत दिवे, रबराची चटई, मुलांच्या अंगावर रंगीत कपडे. मी घाईघाईनं रिमोटकडे हात नेला. ताई असताना मी कधीच लावत नाही.

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.

आम्ही बघायला लागलो. मी तिच्याकडे चोरून बघत होते. एक चढाई झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी एका मुलाला तिघांनी घेरलं आणि मला दिसलं की ताईनं श्वास धरलेला आहे. कप धरलेली तिची बोटं पांढरी झाली होती. दुखऱ्या गुडघ्यासकट तिचा पाय जमीन दाबत होता. तो मुलगा धरला गेला तेव्हा तिनं श्वास सोडला, कप खाली ठेवला आणि भिंतीला धरून उठली.

"काय झालं गं ताई?"

"काय न्हाई." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती ती. "सुमे, तुला कसं गं बगवतं नुसतं? मला तर अंग जळाल्यावानी होतं."

ती आत गेली. स्वयंपाकघरातून तिचं भांडी लावणं ऐकू येत होतं. नातवानं विचारलं, "आजी, बंद करू का?"

सामन्याची शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि दोन्ही संघ बरोबरीत होते. आत ताई एकटी होती. मी उठून तिच्याजवळ जायला हवं होतं.

"आवाज तेवढा कमी कर," मी म्हणाले.